अभ्यासाच्या जागेची राखण

संध्याकाळच्या धारा काढून झाल्या असतील, दूध डेअरीवर गेलं असेल, कुणाच्या तव्यावर भाकरी असेल. हात थांबवू नका, भाकरी थापता थापता ऐका. राळेगणसिद्धीहून आम्ही बचत गटाच्या समन्वयक बोलतोय. आज हप्त्याचं आणि व्याजाचं काही सांगणार नाही. आज एका प्रश्नाबद्दल बोलू. तो प्रश्न आम्हाला नववीतल्या एका मुलीनं विचारला आणि आमच्यापैकी कुणालाच त्याचं उत्तर चटकन देता आलं नाही.

झालं असं, की गटाची मासिक बैठक एका सदस्य ताईंच्या घरी होती. हिशेब झाला, वह्या मिटल्या, गप्पा सुरू झाल्या. ताई म्हणाल्या, "पोरीचं मन नाही लागत अभ्यासात. रोज वहीत लाल शेरा येतो. नववी झाली का बसविते घरी. माझ्या हाताखाली तरी येईल." मुलगी तेवढ्यात चहा घेऊन आली. आमच्यातल्या एकीनं तिला विचारलं, "का गं, अभ्यास का नाही करत?" तिनं ताट खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "करते की मावशी. पण बसू कुठं?"

आम्ही आधी हसलो. मग इकडंतिकडं पाहिलं आणि हसू थांबलं. बाहेरच्या खोलीत आजोबांची खाट, समोर टीव्ही, भिंतीला लावून कांद्याच्या गोण्या. आतल्या खोलीत गॅस, भांडी, देव्हारा, पिठाचे डबे. पडवीत मोटारसायकल आणि शेळी. मुलीचं दप्तर एका खिळ्याला होतं, त्याच खिळ्याला छत्री आणि विळा. ती कधी खाटेच्या कडेवर वही टेकवून लिहायची, कधी गोणीवर, कधी उंबऱ्यात. वही उघडून पाहिली तर पानांवर हळदीचे डाग आणि आमटीचे थेंब. लाल शेरा होता, "अक्षर सुधारा." गोणीवर वही ठेवून अक्षर सुधारायचं कसं, हे शेरा लिहिणाऱ्याला कुणी सांगणार?

कुठंही म्हणजे कुठंच नाही

त्यानंतर पंधरा दिवसांत आम्ही आमच्या गटातल्या अकरा जणींच्या घरी जाऊन आलो. मुद्दाम एकच गोष्ट पाहिली. शाळेत जाणारं लेकरू घरी अभ्यासाला कुठं बसतं?

प्रत्येक घरात प्रत्येक गोष्टीला जागा होती. देवाला कोपरा होता, टीव्हीला फळी होती, बियाण्याच्या पिशव्यांना माळा होता, खुरप्याला वळचण होती. पाहुणा आला तर बसायला खुर्ची होती. मुलाच्या अभ्यासाचं विचारलं, की बहुतेक घरांत एकच उत्तर मिळालं, "कुठंही बसून करतो की."

कुठंही म्हणजे कुठंच नाही, हे आमच्या त्या दिवशी लक्षात आलं. आपण चुलीपुढं बसलो की हात आपोआप कामाला लागतात. परात कुठं, पीठ कुठं, पळी कुठं, हे शोधावं लागत नाही. उद्या कुणी म्हणालं, की रोज नव्या जागी चूल मांड, आज अंगणात, उद्या गोठ्यात, तर आपला निम्मा वेळ मांडामांडीतच जाईल. मुलांचं नेमकं हेच होतं. पेन्सिल शोधण्यात दहा मिनिटं, वही सापडेपर्यंत दहा, जागा करण्यात दहा. गणित सुरू होतं न होतं, तोवर कुणीतरी म्हणतं, "ऊठ रे, इथं ताट मांडायचंय."

आणि एकदा उठलेलं मूल परत बसलं, तरी गणित जिथं सोडलं तिथून पुढं जात नाही. हातचा किती धरला होता तेच विसरलेलं असतं. पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. असं तीनदा झालं, की मूल वही मिटतं आणि आपण म्हणतो, याचं मन लागत नाही.

मैत्रिणींनो, राळेगणच्या बायकांना ही गोष्ट पाण्यावरून लगेच पटते. पारनेर तालुका अवर्षणाचा. पाऊस पडायचा आणि ओढ्यानं वाहून जायचा. १९७५ साली अण्णा हजारे गावात परत आले, त्यांनी पडक्या यादवबाबा मंदिराची डागडुजी केली, आणि मग गावानं श्रमदान करून बांध घातले, नाले अडवले, पाझर तलाव दुरुस्त केले. पडणारा पाऊस काही वाढला नव्हता. फक्त त्याला थांबायला जागा मिळाली. थांबला म्हणून जिरला, आणि जिरला म्हणून विहिरींना पाणी आलं. शाळेत शिकवलेलंही तसंच आहे. सहा तास मुलावर पाऊस पडतो. घरी आल्यावर तो थांबायला जागा नसली, तर सकाळपर्यंत वाहून जातो.

गावानं हे शिक्षणातही केलंय. १९७९ साली संत यादवबाबा शिक्षण प्रसारक मंडळ स्थापन झालं, गावात हायस्कूल आलं. पुढं या शाळेची ओळख झाली ती इतर ठिकाणी नापास झालेल्या मुलांना प्रवेश देणारी शाळा म्हणून. वसतिगृह झालं, पहाटे उठण्याला आणि अभ्यासाला ठरलेली वेळ आली. ज्यांना कुठं जागा नव्हती, त्यांना जागा आणि शिस्त दोन्ही मिळालं. गावानं परक्याच्या मुलांसाठी जे केलं, ते आपण आपल्या घरातल्या मुलासाठी एका कोपऱ्यापुरतं करू शकतो.

घर लहान म्हणून अडत नाही

"आमची दोन खोल्यांची घरं, त्यात अभ्यासाची खोली कुठून काढू?" असं आम्हाला अनेकींनी विचारलं. त्यांना आम्ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लहानपणाची गोष्ट सांगतो.

बाबासाहेब मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलला शिकत होते, तेव्हा त्यांचं कुटुंब परळच्या चाळीत एका खोलीत राहत होतं. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत भांडीकुंडी, सगळ्यांचं झोपणं तिथंच. उशाशी जातं, पायथ्याशी शेळी, आणि उजेडाला बिनकाचेचा दिवा. त्यांचे वडील रामजीबाबा यांनी एक तोड काढली. भीमानं लवकर झोपायचं. वडील स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग मुलाला अभ्यासाला उठवायचे आणि त्याच्या रिकाम्या जागेवर आपण आडवे व्हायचे. रात्री दोननंतर सगळी चाळ झोपलेली असे. तो शांत वेळ हीच त्या मुलाची अभ्यासाची खोली. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक पास झाले.

त्या खोलीत एक हातही जागा वाढली नव्हती. वाढली ती बापाची जागरणं. बापानं आपली झोप मोडून मुलाच्या अभ्यासाची राखण केली.

राखण हा शब्द आपल्याला शिकवावा लागत नाही. बाजरी दाण्यात आली की आपण पाखरं हाकायला शेतात बसतो. कणीस काही आपण भरत नाही, ते आपोआप भरतं. आपण फक्त पाखरू बसू देत नाही. मुलाच्या अभ्यासाचंही तेच. तो त्याचा तो करील. त्याच्या जागेवर आणि वेळेवर पाखरं बसू द्यायची नाहीत, एवढं आपलं काम.

आमची पहिली चूक

खरं सांगायचं, तर सुरुवातीला आम्हीसुद्धा चुकलो. आम्हाला वाटलं टेबल आणलं की झालं. गटातून अंतर्गत कर्ज घेऊन चौघींनी प्लॅस्टिकची टेबलं आणली. घरात नवी वस्तू आली, मुलं चार दिवस हौसेनं बसली. महिन्याभरानं आम्ही फेरी मारली. एका टेबलावर मिक्सर होता. दुसऱ्यावर इस्त्रीचे कपडे. तिसऱ्यावर टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स. चौथं टेबल शिवणकामाला लागलं होतं. मुलं पुन्हा खाटेवर!

पैसे वाया गेले नाहीत, टेबलं उपयोगाला आलीच. पण आम्ही धडा घेतला. वस्तू आणल्यानं जागा होत नाही. ही जागा अभ्यासाची आहे, हे घरातल्या सगळ्यांनी मान्य केलं तर ती होते. देव्हाऱ्यापुढं कुणी चप्पल ठेवत नाही, ते काही तिथं पाटी लावली म्हणून नाही.

कोपरा कसा करायचा

आता करायचं काय ते सांगतो. यातलं बरंचसं घरात असतंच.

पहिलं, जागा निवडा. भिंतीला लागून साधारण एका पोत्याएवढी जागा पुरते. टीव्हीकडं मुलाची पाठ झाली पाहिजे आणि तोंड भिंतीकडं. चुलीचा धूर तिथं जाता कामा नये. येण्याजाण्याच्या वाटेत ती नको. जागा आपण ठरवू नका, मुलाला विचारा. स्वतः निवडलेल्या जागेवर मूल जास्त टिकतं, हा आमचा अनुभव आहे.

दुसरं, बैठक. टेबल-खुर्चीच पाहिजे असं नाही. चौरंग चालतो, जुन्या दाराची फळी चार विटांवर ठेवली तरी चालते. मांडी घालून ताठ बसल्यावर मुलाचं कोपर जिथं येतं, साधारण तेवढी फळीची उंची असावी. फार खाली असली तर मूल वाकतं, मान आणि पाठ दुखते, आणि मग ते पालथं पडून लिहायला लागतं. वही डोळ्यांपासून दीड वीत लांब असावी. मूल वहीत नाक खुपसून लिहीत असेल, तर रागावू नका, एकदा डोळे तपासून घ्या.

तिसरं, उजेड. बऱ्याच घरांत दिवा खोलीच्या मधोमध असतो, आणि भिंतीकडं तोंड करून बसलं की मुलाची स्वतःचीच सावली वहीवर पडते. म्हणून कोपऱ्यात वेगळा दिवा घ्या. मूल उजव्या हातानं लिहीत असेल तर दिवा डाव्या बाजूला, डावखुरं असेल तर उजव्या बाजूला. म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. वीजबिलाची काळजी करू नका. नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज दोन तास लावला, तर महिन्याला अर्ध्या युनिटाहून थोडीच जास्त वीज लागते. जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब तेवढाच वेळ लावला, तर साडेतीन युनिटांच्या वर जाते, आणि उजेड जवळपास सारखाच. वीज जाणाऱ्या भागात चार्जिंगचा दिवा असू द्या, पण तो अभ्यासालाच. गोठ्यात न्यायला दुसरा ठेवा.

चौथं, सामान. एक पत्र्याचा डबा किंवा जुनी मिठाईची पेटी घ्या. त्यात पेन्सिल, पेन, खोडरबर, पट्टी, शार्पनर. भिंतीला दप्तराचा वेगळा खिळा ठोका. विळा आणि छत्री दुसरीकडं. पाण्याचा तांब्या जवळ ठेवा, म्हणजे पाण्यासाठी उठावं लागत नाही. भिंतीवर शाळेचं वेळापत्रक चिकटवा.

पाचवं, मोबाइल. हल्ली गृहपाठ मोबाइलवर येतो, म्हणून मोबाइल हातात राहतो, आणि गृहपाठ बघता बघता दुसरंच सुरू होतं. यावर आमच्या गटातल्या एका वहिनींनी छान तोड काढली. मुलानं आधी मोबाइलवरचा गृहपाठ वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घ्यायचा. मग मोबाइल देव्हाऱ्यापाशी ठेवायचा. अभ्यास झाल्यावरच तो उचलायचा. हाच नियम वहिनींनी स्वतःलाही लावून घेतला. तो टिकला तो त्यामुळंच.

जागेबरोबर वेळही लागते

कोपरा झाला, पण त्याच वेळी टीव्ही जोरात चालू असेल तर कोपऱ्याचा उपयोग नाही. म्हणून दिवसातला एक ठरावीक तास त्या कोपऱ्याला द्यायचा.

तास फार मोठा लागत नाही. केंद्र सरकारनं २०२० साली शालेय दप्तराचं धोरण काढलं. त्यात गृहपाठाचंही प्रमाण सांगितलंय. दुसरीपर्यंत गृहपाठ नको. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. सहावी ते आठवीला रोज एक तास. नववी ते बारावीला रोज दोन तास. म्हणजे दिवसभर घर मुकं ठेवा असं कुणीच सांगत नाही. एक-दोन तासांचा प्रश्न आहे.

आणि हे एका अख्ख्या गावानं केलंय. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. करोनाच्या काळात शाळा बंद होत्या, अभ्यास मोबाइलवर आला आणि शाळा सुरू झाल्यावरही मुलांच्या हातातला मोबाइल सुटेना. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गावानं ठराव केला. रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो. भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. साडेआठला पुन्हा भोंगा वाजतो, तोवर मुलांचा अभ्यास आणि वाचन.

सात ते साडेआठ म्हणजे मालिकांची वेळ, हे आपल्याला वेगळं सांगायला नको! त्या गावात सुरुवातीला काही पुरुषांनी हे हसण्यावारी नेलं. बायकांनी मात्र कबूल केलं, की मालिका आपणही फार बघतो. मुलाला "अभ्यास कर" म्हणायचं आणि आपण त्याच्या पाठीमागं टीव्ही लावायचा, हे त्यांनी थांबवलं. गावातले कर्मचारी, शिक्षक आणि आशाताई घरोघरी जाऊन समजावत राहिले.

आमच्याकडं भोंगा नाही. आमच्या गल्लीत आम्ही दूध घालून आल्यावरचा एक तास ठरवला, साडेसात ते साडेआठ. टीव्ही बंद झाला तेव्हा पहिले आठ दिवस सासूबाई, आजोबा सगळेच नाराज होते. मग एका घरात आजोबांनी पोथी काढली. दुसऱ्या घरात सासूबाई नातवापाशी शेंगा फोडत बसायला लागल्या. तास सरतो हो, आपण समजतो तेवढा तो जड नसतो.

मुलीची जागा लवकर मोडते

आता जे सांगायचं आहे ते जरा अवघड आहे, कारण ते आपल्याबद्दलच आहे.

आम्ही घरोघरी गेलो, तेव्हा मुलगा अभ्यासाला बसला की घर गप्प होतं, हे पाहिलं. "त्याला उठवू नका, लिहितोय." मुलगी बसली की तिला हाका सुरू होतात. "अगं, एवढं दूध बघ." "पाहुण्यांना पाणी दे." "धाकट्याला जरा धर." प्रत्येक काम दोन मिनिटांचं असतं. पण एका तासात अशी सात कामं आली, की तास संपतो. हाका मारणारे पुरुषच असतात असं नाही. त्यात आपला आवाज जास्त असतो, हे आम्ही आमच्या कानांनी ऐकलंय.

हे आजचं नाही. रमाबाई रानडे यांचं लग्न १८७३ साली अकराव्या वर्षी झालं. न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना घरी शिकवायला सुरुवात केली. घरातल्या मोठ्या बायकांनी रमाबाईंना त्यावरून फार टोचून बोललं. तरी त्या शिकल्या, पुढं पुण्याच्या सेवासदनचं काम उभं केलं, आणि आपल्या आठवणींचं पुस्तकही लिहिलं. नवऱ्याचा पाठिंबा होता, घर मोठं होतं, तरीही अभ्यासाला बसणं सोपं नव्हतं. कारण बाई वही घेऊन बसली म्हणजे तिला काम नाही, असं घराला वाटतं. दीडशे वर्षांत ही समजूत पुरती गेलेली नाही.

म्हणून आम्ही गटात एक नियम केला. वही उघडी आहे तोवर मुलीला हाक मारायची नाही. पाणी पाहिजे तर आपण उठून घ्यायचं. पाहुणा आला तर आपण चहा टाकायचा, नाहीतर मुलाला सांगायचं. जिच्या घरी नियम मोडला, तिनं पुढच्या बैठकीत स्वतः सांगायचं. दंड नाही. नुसतं सगळ्यांपुढं सांगायचं. पहिल्या बैठकीत अकराच्या अकरा जणींनी हात वर केले, आम्हीसुद्धा. तिसऱ्या बैठकीला हात कमी झाले होते.

घरात जागाच नसेल तर

काही घरं खरोखरच अशी आहेत, की तिथं कोपरा निघत नाही. एका खोलीत सात माणसं, त्यात कुणी आजारी. तिथं घराबाहेर जागा शोधावी लागते.

मुंबईत वरळीला बीडीडी चाळी आहेत. तिथली एकेक खोली १६० चौरस फुटांची. तिथल्या आणि आसपासच्या मुलांनी जवळच्या एका शांत रस्त्यावर दिव्याखाली बसून अभ्यास करायला सुरुवात केली. एकाचं बघून दुसरा, असं करत पिढ्यान् पिढ्या मुलं तिथं बसत आली. त्या रस्त्याला लोक अभ्यास गल्लीच म्हणतात. कुणाच्या मालकीची खोली नाही, पण अभ्यासाची जागा म्हणून सगळे तिला मान देतात.

आपल्याकडं रस्त्यावर बसायची वेळ येऊ नये. आमच्या गल्लीत एक आजी एकट्या राहतात. मुलं-सुना सुप्याच्या एमआयडीसीत कामाला, तिकडंच राहायला. आजींची पडवी मोठी आणि रिकामी. आम्ही विचारलं, तर आजी म्हणाल्या, "या की, घराला आवाज होईल." सतरंजी एकीनं दिली, दिवा गटानं लावला, दिव्याचे पैसे गट देतो. संध्याकाळी सहा-सात मुलं तिथं बसतात. आजी वाती वळत समोर बसून असतात. त्यांना अक्षरओळख नाही. त्या म्हणतात, "मला वाचता येत नाही, पण कोण वाचतंय अन् कोण नुसतं पान उलटतंय, ते मला कळतं." एवढी राखण पुरते. फक्त एक पाळतो, अंधार पडला की मुलींना घरी पोचवायला आमच्यातली एक जण जाते. ती पाळी ठरलेली आहे.

गावात मोठी अभ्यासिका हवी असेल, तर तोही रस्ता आहे. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथं हा विषय मांडा आणि ठरावात लिहून घ्या. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो, त्याचा हिशेब विचारा. एखादी रिकामी खोली, समाजमंदिर, शाळेचा वर्ग संध्याकाळी उघडा राहू शकतो का, ते पाहा. बचत गटाच्या दशसूत्रीत शिक्षणाचं सूत्र आहेच. आपण बचत, परतफेड आणि हिशेब ही सूत्रं नेटानं पाळतो आणि शिक्षणाच्या सूत्रापाशी येऊन बैठक आटोपती घेतो. तिथं दहा मिनिटं थांबू या.

आपल्याला शिकवता येत नाही, मग?

हे सगळं सांगितल्यावर एक ताई म्हणाल्या, "ते ठीक आहे हो, पण मी सातवी शिकलेली. तिचं आठवीचं गणित मला कुठं येतं?"

मैत्रिणींनो, हे ओझं आपण उगाच घेतो. शिकवणं शाळेचं काम आहे. आपल्याला पायथागोरस येत नसला, तरी त्या तासाला टीव्ही बंद करता येतो. मुलाजवळ आपलं निवडण-टिपण घेऊन बसता येतं. अभ्यास झाल्यावर "आज काय लिहिलंस, मला सांग" असं म्हणता येतं. मूल आपल्याला समजावून सांगायला लागलं, की कुठं अडतंय ते त्याचं त्यालाच कळतं. आणि अडलंच, तर वहीच्या कडेला खूण करायला सांगा. दुसऱ्या दिवशी बाईंना किंवा सरांना ती खूण दाखवायची. ज्यांची आई शिकलेली नाही, त्या मुलांनाही राखणदार मिळू शकतो. त्याला पदवी लागत नाही.

आता त्या नववीतल्या मुलीचं सांगतो. आम्ही तिच्या वडिलांशी बोललो. ते फार बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी कांद्याच्या गोण्या बाहेरच्या चाळीत नेल्या आणि रिकाम्या झालेल्या भिंतीला स्वतः होल्डर बसवून दिवा लावला. जुन्या दाराची फळी रंधून दिली. आजोबांनी टीव्हीचा आवाज आधी कमी केला, मग त्या तासाला टीव्हीच बंद झाला. मुलीनं भिंतीवर खडूनं आपलं नाव लिहिलं.

ती नववी पास झाली. गणितात काठावर, बाकी विषयांत बरी. आता दहावीला आहे. निकाल काय लागेल, ते आम्ही कसं सांगणार? पण गेल्या बैठकीत हिशेब झाल्यावर तिची आई म्हणाली, "ताई, अकरावीला एसटीचा पास कधी काढावा लागतो?" घरी बसवायचं बोलणं कुठल्या कुठं गेलं होतं. ज्या मुलीसाठी घरानं गोण्या हलवल्या, तिला घरी बसवायचं म्हणताना घराचीच जीभ अडखळते.

तर या आठवड्यात एवढंच करा. आज रात्री जेवणं झाल्यावर आपल्या लेकराला विचारा, "तुला अभ्यासाला कुठं बसायला आवडेल?" ते जिथं बोट दाखवील, तिथलं सामान उद्या सकाळी हलवा. पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगू, कुणी काय हलवलं ते.

चला, भाकरी करपत असेल. नमस्कार.